संडासाच्या पाईपाचं प्लास्टर

आमच्या सासऱ्यांना गल्लीत सगळे प्लास्टरबाबा म्हणत. भिंतीच्या प्लास्टरशी त्यांचा काही संबंध नाही. मोठ्या दवाखान्यात मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालायची एक खोली असते, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. डॉक्टर हाड बसवून, हात धुऊन चहाला जायचे आणि पुढचं सगळं बाबा करायचे. कापूस गुंडाळायचा, पट्ट्या कोमट पाण्यात बुडवायच्या, अलगद पिळायच्या, फेऱ्यावर फेरे घ्यायचे आणि वरून तळहाताने असं गुळगुळीत करायचं, की बरं झाल्यावर ते काढायला पेशंटच्या जिवावर यावं.

माणूस भेटला की लोक त्याचं तोंड बघतात, बाबा सांधे बघत. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा सगळ्यांनी प्रवास कसा झाला, दमलीस का, असं विचारलं. बाबांनी माझ्या हातून पाण्याचा पेला घेतला आणि म्हणाले, "डावं मनगट कधी मोडलं होतं?" लहानपणी मी झाडावरून पडले होते. माझ्या आईलासुद्धा ते आता आठवत नव्हतं. त्या दिवसापासून हा माणूस मला आवडला, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

पेशंटला त्यांचे दोनच प्रश्न असत. "कुठला?" आणि "कधीपासून?" सवय इतकी हाडात मुरलेली, की मी डोकं दुखतंय म्हटलं तरी आधी "कुठलं?" विचारायचे आणि मग जीभ चावायचे.

घरात आम्ही तिघंच. आमचे हे लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. अर्धा महिना रस्त्यावर आणि उरलेला अर्धा झोपेत. जागे असले तरी बोलण्याची त्यांना फारशी हौस नाही. म्हणजे बोलायला माणूस काय तो एकच, बाबा. बाकी ह्या घराला एक खोड आहे. मनातलं सरळ कुणी बोलत नाही. बाबांना चहा हवा असेल तर ते कप धुऊन ओट्यावर उपडा ठेवतात. ह्यांना माझी आठवण आली की ते फोन करून टायरबद्दल बोलतात. आणि मी रागावले की भांडी घासते, घासलेली असली तरी.

बाबांच्या नोकरीचे थोडेच दिवस उरले होते, तेव्हा बेकरीवाल्यांचं प्रकरण झालं. बेकरीवाले आमचे शेजारी. त्यांची बेकरी आणि आमची मागची भिंत ह्यांच्यात एक माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ आहे, आणि ते स्वतः त्या बोळातून तिरके होऊन जातात. अंगाने भरपूर, डोक्यावर केस नावालाही नाही आणि आवाज असा की पाव विकायला दुकान उघडायचीसुद्धा गरज नाही. तर पिठाचं पोतं उतरवताना ते त्यांच्या घोट्यावर पडलं आणि हाडाला बारीकशी चीर गेली. दवाखान्यात ते आले तेच दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरेफटक करून. सूज कुठली आणि पीठ कुठलं, काही कळेना. डॉक्टरांच्या अक्षराचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांनाही लागत नसे. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुठला?" बेकरीवाल्यांनी एक पाय पुढे केला. बाबांनी त्याला सुरेख प्लास्टर घातलं.

सकाळी दुसरा पाय पावासारखा फुगला. धडक्या पायाला प्लास्टर आणि मोडका मोकळा. बिचाऱ्यांना लंगडायचं कुठल्या पायाने तेच समजेना, म्हणून ते दोन्हींनी लंगडत होते.

गल्लीत सकाळचा पाव घराघरात बेकरीवाल्यांकडूनच जातो. त्या दिवशी पावाबरोबर बातमीही गेली. प्लास्टरबाबांचं नाव डावे-उजवे पडलं. भाजीवाला त्यांना विचारू लागला, डावी जुडी देऊ की उजवी. निरोपाच्या कार्यक्रमात हाडाच्या डॉक्टरांनी भाषणात हाच किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले. भेट मिळालेलं घड्याळ काखेत मारून घरी आले, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तिच्यात बसले ते बसलेच.

त्यानंतर त्यांनी कशाला हात लावला नाही. दिवा बदला म्हटलं तर म्हणायचे, कुठला ते तूच बघ बाई, माझ्याकडून चुकायचं. घड्याळ भिंतीवर लावायलाही उठले नाहीत. ते काखेतून उतरलं ते कपाटावर आडवं पडून होतं आणि वेळ बघायला मान वाकडी करावी लागे. दुसऱ्या गावी त्यांची धाकटी बहीण असते, आमच्या आत्याबाई. त्यांनी फोनवर सांगितलं की दादा, तू इकडेच ये राहायला, इथे तुला कुणी ओळखत नाही. बाबा येतो म्हणाले. आत्याबाईंनी लगेच एक खोली रिकामी केली, पलंग हलवला, पडदे शिवले. बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

मला बाबा जायला नको होते. ते गेले असते तर त्या घरात मी भिंतींशी बोलले असते, आणि भिंतींना उत्तर येत असतं तरी त्यांनी सरळ दिलं नसतं. पण आमच्याकडे "राहा" म्हणायची सोयच नाही. मी बाबांचे शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवले, जरा जोरातच ठेवले, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली.

बाबा निघायला दोन-तीन दिवस असताना बेकरीवाले आमच्या दारात उभे राहिले. पाय केव्हाच बरा झालेला, आवाज तर बरा होताच. त्यांच्या मागच्या खिडकीत पावाचे ट्रे गार व्हायला ठेवतात आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर आमच्या पाईपाचा थेंब पडतोय, असं त्यांचं म्हणणं. आमचं संडास आणि बाथरूम वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला आहे. दोन्हींचे पाईप शेजारी-शेजारी त्या बोळात उतरतात. थेंब बाथरूमच्या पाईपातून असेल तर साबणाचं पाणी, आणि संडासाच्या पाईपातून असेल तर पुढचं त्यांनी बोलूनही दाखवलं नाही. नुसते हातातल्या पावाकडे बघत राहिले.

मी प्लंबरला फोन केला. तो कोपऱ्यावर आलो म्हणाला. संध्याकाळी फोन केला तर अजून कोपऱ्यावरच होता. असा कुठला कोपरा आहे जो संपत नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीवाले पुन्हा आले आणि ट्रे उचलून उचलून त्यांचे हात भरून आले म्हणाले. ह्यांचा ट्रक कुठल्यातरी घाटात अडकला होता. मी बाबांच्या खुर्चीसमोर, म्हणजे खुर्ची आणि भिंत ह्यांच्या मध्ये, जाऊन उभी राहिले.

बाबा म्हणाले, मी हात लावणार नाही. मी म्हटलं, लावू नका, नुसतं बघा. बघायला ते उठले. बोळात गेले, मान वर केली आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. बेकरीवाले तिरके होऊन त्यांच्या मागे शिरले आणि बोट दाखवून म्हणाले, "हा बघा काका, हाच. डावीकडचा. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय." डावीकडचा म्हणजे बाथरूमचा. त्याच्या खालच्या सांध्यावरून खरोखरच थेंब टपकत होता. बाबांनी पाईपाकडे पाहिलंच नाही. ते बेकरीवाल्यांच्या बोटाकडे बघत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी किती दिवसांनी ऐकला. बेकरीवाले म्हणाले, तीन-चार दिवस झाले. बाबा म्हणाले, "सूनबाई, नीळ आहे का घरात? आणि शिडी."

पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ मी बादलीत कालवली आणि वर गेले. खाली बाबा शिडीवर चढले. शिडी जुनी आणि माणूसही काही कोवळा नव्हे, म्हणून बेकरीवाल्यांना ती धरायला लावली. मग बाबांनी बोळातून हुकूम सोडले. आधी बाथरूममध्ये साधं पाणी ओत. मी ओतलं. खालून काही नाही. आणखी ओत. ओतलं. थेंब वाढला नाही की कमी झाला नाही. मग त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आता संडास!" समोरच्या घरातल्या म्हातारबुवांनी खिडकी लावून घेतली.

मी निळं पाणी संडासात ओतलं आणि खिडकीतून खाली डोकावले. आधी काहीच झालं नाही. मग वर, जिथे संडासाचा पाईप भिंतीतून बाहेर येऊन खाली वळतो, त्या वळणाशी एक निळा ओघळ दिसला. तो दोन्ही पाईप धरणाऱ्या लोखंडी पट्टीवर आला, पट्टीवरून आरामात चालत शेजारच्या पाईपावर गेला, तिथून सांध्यापर्यंत उतरला आणि टप्पकन बेकरीवाल्यांच्या टकलावर पडला. ते अजूनही डावीकडे बोट दाखवत उभे होते.

"तुम्ही दाखवला तो नाही," बाबा वरून म्हणाले. "शेजारचा आहे. वळणावर केसाएवढी चीर आहे."

बेकरीवाल्यांनी बोट हळूच खाली घेतलं. दुसरा थेंब पडला तरी हलले नाहीत, शिडी धरलेली होती ना. एवढा मोठा आवाज असलेला माणूस गप्प झाला की जरा भीतीच वाटते. मी वर बादली हातात घेऊन उभी आणि ते खाली असं काही बोलले की मी बादली खाली ठेवायचीच विसरले.

"काका, त्या दिवशी पण मी चुकीचाच दाखवला होता," ते म्हणाले. "मुद्दाम. तुम्ही दुखऱ्या पायाला हात लावाल म्हणून माझी पाचावर धारण बसली होती. म्हटलं, आजचा दिवस निभावून जाईल. मग सगळे हसायला लागले, तेव्हा मी तुमच्यावर ढकललं."

मला खिडकीतून उडी मारून त्या निळ्या टकलावर उरलेली बादली ओतावीशी वाटली. ह्या माणसापायी माझा सासरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. ह्या माणसापायी खाली ट्रंक भरलेली होती. पण बाबा शिडीवर होते आणि शिडी त्याच माणसाच्या हातात होती. मी बादली खाली ठेवली.

बाबांनी पाईपाच्या वळणावरून बोट फिरवलं. "माहीत आहे," ते म्हणाले. "घाबरलेला माणूस नेहमी धडका पाय पुढे करतो. मुलं तर हटकून करतात."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"तुम्ही काहीही दाखवाल. बघायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी पाहिलं नाही." मग ते म्हणाले, "नीट धरा शिडी. आणि सूनबाई, पाणी बंद. आपण हे बांधून काढू."

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही प्लंबरने केलं असतं, कोपरा संपला असता तर. बाबांनी चिरेभोवतालचा भाग धुतला, फडक्याने कोरडा केला आणि पॉलिश पेपरने खरबरीत केला. दुकानात दोन रंगांचा लेप मिळतो, तो कणकेसारखा एकत्र मळून चिरेवर दाबला. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि तारेने आवळली. लेप दगडासारखा झाल्यावर मी पुन्हा निळं पाणी ओतलं. थेंबसुद्धा आला नाही. खरं म्हणजे पाईपाची गोष्ट इथे संपली.

पण बाबा खाली उतरले ते थेट ट्रंकेकडे गेले. मी जोरजोरात ठेवलेले शर्ट बाहेर काढले आणि तळातून पत्र्याचा डबा काढला. डब्यात प्लास्टरच्या पट्ट्या. मी म्हटलं, बाबा, झालं की आता, गळत नाही. ते म्हणाले, आधार नको का? कोमट पाणी मागितलं. घरातला सगळा कापूस नेला, उशीतलासुद्धा. नुसतं वळण बांधून चालत नाही म्हणे, वरचा सांधा आणि खालचा सांधा दोन्ही धरावे लागतात. ते फेरे घेत होते आणि पाईपाशी बोलत होते, हं, झालंच आता, जरासं गरम लागेल. खालून बेकरीवाले मान वर करून बघत होते आणि डोळे पुसत होते. नीळ डोळ्यात गेली म्हणाले.

प्लास्टर इतकं सुरेख झालं की त्या भिंतीला ते शोभेना. मी कौतुक करायच्या बेतात होते, तेवढ्यात बाबांनी पट्टीचा उरलेला तुकडा घेतला, वर गेले आणि संडासाची कडी त्याने बांधून टाकली. "वजन टाकायचं नाही," ते म्हणाले. प्लास्टर सुकेपर्यंत पाईपाला पूर्ण विश्रांती.

मी म्हटलं, अहो बाबा, तो पाईप आहे. बाबा म्हणाले, सगळे पेशंट असंच म्हणतात आणि मग चालायला लागतात. मी म्हटलं, आम्ही जायचं कुठे? त्यांनी बोळापलीकडे बोट दाखवलं. निदान हे बोट तरी बरोबर होतं.

प्लास्टर सुकेपर्यंत आम्ही बेकरीवाल्यांच्या संडासात जात होतो. जायची लाज वाटते म्हणून मी हातात काहीतरी घेऊन जायचे, एकदा छत्री, एकदा पातेलं, जणू काही कामच आहे. बेकरीवाल्यांची बायको दारातच विचारायची, पेशंट कसा आहे. आणि तिथून कुणालाही रिकाम्या हाताने सोडायचं नाही असं त्या दोघांनी ठरवलं होतं. सकाळी जा, पाव. दुपारी जा, बिस्किटं. संडासाला जाऊन टोपलीभर पाव घेऊन परत येणारं दुसरं घर ह्या जगात नसेल. मी शेवटी पाणी पिणंच कमी केलं.

तशात आमचे हे आले. घाटातून सुटून, कुठेही न थांबता, सरळ घरी. ट्रक लावला, जिना तीन-तीन पायऱ्या गाळत चढले आणि संडासाच्या दाराशी पोचून त्या गाठीकडे बघत राहिले. मी सांगितलं की पाईपाला प्लास्टर घातलंय, शेजारी जा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आमच्या लग्नात इतक्या वर्षांत मी पाहिलेलं नव्हतं. ते तसेच वळले. जिना उतरले, बोळातून गेले. परत आले तेव्हा काखेत दोन पाव होते आणि वर खिडकीतून त्यांनी प्लास्टर पाहिलं. "चांगलं झालंय," ते म्हणाले. बाबांना एवढं पुष्कळ होतं. त्या संध्याकाळी त्यांनी घड्याळ भिंतीवर लावलं, आणि खुर्ची वळवून खोलीकडे तोंड करून बसले.

आत्याबाईंचा फोन आला की दादा, कधी निघतोस. बाबा म्हणाले, पेशंट आहे, प्लास्टर निघाल्याशिवाय जाता यायचं नाही. आत्याबाईंनी विचारलं, कोण पेशंट. बाबांनी सांगितलं, संडासाचा पाईप. मग त्या म्हणाल्या, दादा, फोन जरा सूनबाईकडे दे. मी त्यांना सांगितलं की सगळं ठीक आहे, दीड महिना लागेल. त्या म्हणाल्या, पडदे लावून ठेवले आहेत मी.

इकडे बेकरीवाल्यांनी खरी गोष्ट गल्लीला सांगून टाकली. त्यांनी ती पावाबरोबरच घरोघर पोचवली, आणि त्याच हौसेने, आपण कसे घाबरलो, घाम कसा फुटला, पाय कसा मागे घेतला, सगळं करून दाखवत. आठवड्याभरात डावे-उजवे हे नाव त्यांनाच चिकटलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आणि बाबांकडे लोक येऊ लागले. कुणाच्या खुर्चीचा पाय, कुणाच्या छत्रीची मूठ, शिंपिणीच्या मशीनचा पायटा. बाबा आधी विचारायचे, "कुठला?" आणि माणूस बोट दाखवत असतानाच स्वतः खाली वाकून चारही पाय तपासायचे. रोज सकाळी ते बोळात जाऊन पाईपाला हात लावून बघायचे आणि मला येऊन सांगायचे की ताप नाही.

मला इतकं बरं वाटत होतं, की दीड महिना किती छोटा असतो हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग एका सकाळी बाबा जेवायच्या टेबलावर प्लास्टर कापायची मोठी कात्री घेऊन बसले आणि तिला तेल देऊ लागले. म्हणाले, उद्या काढू. ट्रंक जिन्याखालीच होती. आत्याबाईंना दिलेला शब्द होता, त्यांचे पडदे होते. त्या पाईपाला प्लास्टरची गरज मुळात नव्हतीच, हे मलाही ठाऊक होतं आणि बाबांनाही. ते जन्मभर तसंच ठेवलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, नका काढू, नका जाऊ. मी भांडी घासली. घासायला काही उरलं नाही तेव्हा खलबत्ता घासायला घेतला. आणि बत्ता हातात असतानाच माझ्या डोक्यात आलं ते आलं.

दुपारी हे झोपले होते आणि बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी बत्ता पदराआड धरून मागच्या दाराने बोळात गेले. बाथरूमचा पाईप, हाताला येईल असा, फार मोठं काही नाही. एक लहानशी चीर. दीड महिना.

बोळात उपड्या खोक्यावर बाबा बसले होते. हातात काही नव्हतं. ते दोन्ही पाईपांकडे बघत होते, आळीपाळीने, आणि मधूनच बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत होते, कुठे काही दुखणं सापडतंय का म्हणून. मला बघून उठले. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. बत्ता काही लपण्यासारखी वस्तू नाही.

मी म्हटलं, लसूण कुटायला निघाले होते.

मी मान खाली घातली. माझे डोळे भरून आले होते आणि रागही येत होता, स्वतःचाच, ह्या घराचा, त्या पडद्यांचा. मग बाबांनी घसा साफ केला.

"कुठला?" ते म्हणाले.

मी डावीकडचा दाखवला. बाबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं नाही. ते वाकले, दोन्ही पाईप वरपासून खालपर्यंत नीट बघितले, आणि मग डावीकडच्या पाईपावर सांध्याच्या जरा वर अंगठा टेकवला.

"इथे," ते म्हणाले. "आणि हळू, सूनबाई. चीर पडली पाहिजे, तुकडा नको."

त्यांनी अंगठा काढला. मी हळू मारला. बारीकशी चीर गेली, आणि पाईपात राहिलेलं थोडं पाणी तिच्यातून झिरपायला लागलं. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि चिरेजवळ तोंड नेऊन विचारलं, "कधीपासून?"

"आत्तापासून," मी म्हटलं.